नवरदेवाचं गाव

सकाळचे सात वाजलेत आणि तुम्ही कागबेनी गावाखाली, काळी गंडकीच्या पात्रात उभे आहात. नेपाळचा मुस्तांग भाग, उंची २,८०० मीटर. पात्र इतकं रुंद की पलीकडच्या काठाने जाणारी खेचरं मुंग्यांएवढी दिसतात. एवढ्या रुंदीत नदी मात्र चार-पाच धारांत विखुरलेली, राखाडी, शाडूची माती कालवल्यासारखी. दक्षिणेला निलगिरीचं बर्फ नुकतं उजळतंय. अश्विन सरत आलाय, पूर ओसरलाय, आणि पुराने वरून आणून टाकलेले दगड अजून कुणी उलटून पाहिलेले नाहीत. शोधायला यापेक्षा चांगली वेळ नाही. फक्त घाई करा. अकराच्या सुमारास खालून वारा सुटेल आणि मग वाळू डोळे उघडू देणार नाही. जोमसोमची विमानंही त्या वाऱ्याच्या धाकाने सकाळीच उडून जातात.

तुम्ही इथे कशाला आलात, ते मला ठाऊक आहे. आजीच्या देवघरात पितळेच्या संपुष्टात एक काळा गोटा असायचा. घरातल्या कुणीतरी काशीयात्रेहून आणलेला, एवढंच सांगितलं जायचं. रोज ताम्हनात उतरायचा, पळीभर पाणी, गंध, तुळशीचं पान, की परत आत. लहानपणी तुम्ही त्याच्यावरून बोट फिरवलं होतं आणि कडेच्या बारीक कंगोऱ्यांनी बोटाला गुदगुल्या झाल्या होत्या. हे कुणी कोरलं, असं विचारलंत तेव्हा आजी म्हणाली, वज्रकीटाने. वज्रासारखे दात असलेल्या किड्याने गंडकी नदीत बसून देवाची चक्रं कोरली. तो गोटा जिथून निघाला, ते गाव पाहायला तुम्ही आलात.

आता खाली बघा. पहिला अर्धा तास काहीच दिसणार नाही. सगळ्यांचंच असं होतं. इथे लाखो दगड आहेत आणि डोळा प्रत्येकाशी थांबायला बघतो. त्याला थांबू देऊ नका. करडे चुनखडीचे सोडा, पिवळट वालुकाश्म सोडा. काळा हवा, गुळगुळीत हवा, आणि नुसता गोल नव्हे, लाडू वळताना हाताने दाबला गेल्यासारखा जरासा चपटा गोल हवा. ओला असला तर उत्तम, कारण सुकल्यावर काळ्या दगडावर धुळीची साय धरते आणि सगळे एकसारखे दिसू लागतात. पाण्याच्या कडेकडेने चाला.

पहिल्यांदा हाती येतो तो पेन्सिलीच्या तुकड्यासारखा एक दगड, एका टोकाला निमुळता. तो बेलेम्नाइट, माखलीच्या कुळातल्या एका प्राण्याच्या अंगातला कठीण भाग. तो सापडला म्हणजे तुम्ही बरोबर थरांतून वाहून आलेल्या दगडांत शोधताय. आणखी शंभरेक पावलं, आणि एका धारेच्या वळणावर, दोन मोठ्या धोंड्यांच्या मध्ये अडकलेला तो दिसतो. तळहातात मावेल एवढा. उचला. आकाराच्या मानाने जड आहे. एका बाजूने पूर्ण बंद, नुसता काळा. दुसऱ्या बाजूला कडेचा टवका उडालाय आणि त्या फटीतून पाच-सहा कंगोरे डोकावतायत, करंजीच्या मुरडीसारखे एका अंतराने, आत आत वळत जाणारे. फटीत एका जागी सोन्यासारखं काही चमकतंय. ते सोनं नाही, लोखंड आणि गंधक यांचं खनिज आहे, पायराइट. त्यावर बोट ठेवा. थंड आहे.

वर, जिथे मुक्तिनाथकडून येणारी झोंग नदी काळी गंडकीला मिळते, तिथे संगमावर एक कुटुंब श्राद्धाला बसलंय. भटजी नावं घ्यायला सांगतायत: वडील, आजोबा, पणजोबा. पुढची नावं सहसा कुणालाच ठाऊक नसतात. तुमच्या हातातला दगड मात्र तिथे थांबत नाही. त्याच्यासोबत मागे जायचं तर नावांची सोबत सोडावी लागेल आणि दुसरं काही माप घ्यावं लागेल.

मी माप देतो. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर. पुणे स्टेशनात मुंबईच्या गाडीत बसा आणि फलाटाच्या ज्या रेघेवर डबा उभा आहे, तिला आज म्हणा. तुमचा जन्म रेघेपासून बोटभर अंतरावर. १६७४चा राज्याभिषेक ३५ सेंटिमीटरवर, म्हणजे अजून डब्याच्या दारातच. १२९०ची ज्ञानेश्वरी पाऊण मीटरच्या अलीकडे. गाडीने ३०० मीटर ओलांडले की तुमच्या-माझ्यासारखी माणसं संपली, त्याआधी ती नव्हती. खडकीच्या आसपास माणसाचे आणि चिंपांझीचे पूर्वज एकच. तळेगाव गेलं, कामशेत गेलं, खंडाळ्याचे बोगदे गेले. तिथे काय घडलं ते परतताना बघू. आत्ता खिडकी लावून घ्या. कर्जत, कल्याण, डोंबिवली. दिव्याच्या सुमारास १५० किलोमीटर भरतात, म्हणजे १५ कोटी वर्षं झाली.

उतरा. खाली पाणी आहे.

हा टेथिस समुद्र. एडुआर्ड स्यूस या भूगर्भशास्त्रज्ञाने १८९३मध्ये त्याला हे नाव दिलं. आत्ता तो निनावी आहे. तुम्ही विषुववृत्ताच्या बरंच दक्षिणेला आहात. मागे जो किनारा दिसतोय ती भारताची उत्तर बाजू, आणि तिच्या पाठीला मादागास्कर, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया अजून चिकटलेले आहेत. समोर उत्तरेला क्षितिजापर्यंत पाणी. हिमालय नाही, त्याची चाहूलही नाही. सूर्य आजच्यापेक्षा जरा घाईने मावळतो, कारण पृथ्वी स्वतःभोवती अजून थोडी जलद फिरतेय. किनाऱ्यावर नेचे, सायकस, सूचिपर्णी झाडं. हिरवं आहे सगळं, पण नीट बघा: एकही फूल नाही. गवताचं पातं नाही. मधमाशी नाही. तुळस तर नाहीच, आणि ती यायला अजून एवढा काळ आहे की वाट बघण्याला अर्थ नाही.

पाण्यात डोकं घाला. थोडं खाली जा, उजेड हिरवा होईपर्यंत. आता तो येतोय.

तो मागे मागे येतो, ही पहिली गंमत. शरीरातलं पाणी पुढून जोराने फेकायचं आणि आपण मागे सरकायचं, ही त्याची चाल. माखली आणि ऑक्टोपस हे त्याचे नातलग आजही तसंच करतात. अंगावर चकलीसारखं वळलेलं शंख-घर. ते काळं नाही. काळा रंग तुम्ही दगडात पाहिलात, हे जिवंत आहे, पातळ, आतून मोत्याच्या झिलईचं. कंगोऱ्यांवरून उजेड सरकतोय. तोंडाशी बाहू आहेत, त्यांच्या वर डोळा आहे, आणि तो डोळा तुमच्याकडे बघतोय. मी इथे थोडा थांबेन, कारण मला वाटतं, शाळिग्रामाला हात जोडणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हा डोळा मनात आणावा.

घराची रचना बघा. प्राणी राहतो फक्त सर्वांत बाहेरच्या खोलीत. अंड्यातून निघाला तेव्हा त्याचं घर मोहरीएवढं होतं. वाढला तसा तो पुढे सरकला, मागे पडदी घातली, पुन्हा वाढला, पुन्हा पडदी घातली. मागच्या सगळ्या खोल्या रिकाम्या, पण वाया गेलेल्या नाहीत. त्या सगळ्यांतून एक बारीक नळी जाते. तिच्यावाटे खोल्यांतलं पाणी काढून घेतलं जातं, वायू राहतो, आणि हे जड घर पाण्यात तरंगतं. पडदी जिथे बाहेरच्या भिंतीला टेकते तिथली रेघ सरळ नसते, कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी नागमोडी, दातेरी असते. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. चक्र कोरणारा किडा म्हणायचाच तर हाच: आत बसून, आयुष्यभर, स्वतःभोवती स्वतःच्या अंगातून चक्र घालत गेलेला. आजीचं अगदीच चुकलं नव्हतं.

एक दिवस तो मरतो. कशाने, ते दिसत नाही. घर हळूहळू पाण्याने भरतं आणि तिरकं होत खाली उतरतं. तुम्हीही उतरा. तळाशी काळा, मऊ, घट्ट न झालेला चिखल आहे, आणि त्यात प्राणवायू इतका कमी की तिथे सहसा कुणी चरायला येत नाही. कुजण्याचा वास पाण्यात कळत नाही, पण या चिखलात गंधक आहे. घर अर्धं रुततं. वरून बारीक गाळ पडत राहतो. मऊ अंग जिवाणू खातात, आणि त्या खाण्यातून भोवतीच्या चिखलाचं रसायन बदलतं; पाण्यातला चुना शंखाभोवती थिजायला लागतो. दह्याच्या विरजणासारखं एका जागेपासून सुरू होऊन बाहेर बाहेर. शेवटी एक कठीण गोळा तयार होतो. पुढे वर हजारो फूट गाळ साचेल, चिखल दबून पापुद्र्यांचा शेल खडक होईल, त्यात उघडी राहिलेली शिंपली चेपून कागदासारखी होतील. हा गोळा चेपणार नाही. ज्या मरणाने शंख रिकामा झाला, त्याच मरणाने त्याच्याभोवती संपुष्ट घातलं.

चला, परतीची गाडी.

खंडाळ्याला, ६.६ कोटी वर्षांच्या खुणेवर, खिडकी उघडा. बाहेर आग आहे. भोर घाटात ज्या काळ्या पाषाणातून बोगदे काढलेत, तो लाव्हा याच सुमारास थरांवर थर ओततोय. तिकडे मेक्सिकोच्या किनाऱ्याशी अशनी आदळलीय. डायनोसॉर गेले ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच घडीला समुद्रातलं हे चक्रवाल्यांचं कुळही संपलं. आपला सह्याद्री रचला जात होता तेव्हा शाळिग्रामाचा वंश बुडत होता. म्हणून सह्याद्रीच्या ओढ्यांत तुम्ही कितीही शोधलंत तरी अकीक मिळेल, गारगोटी मिळेल, हा मिळणार नाही. देव आणायला गंडकीवरच जावं लागलं. पुढे कामशेतच्या आसपास एकट्याने उत्तरेला निघालेला भारत आशियाला भिडतो. मधला समुद्र आटत नाही, मिटतो. त्याच्या तळाला घड्या पडतात, तळ उचलला जातो, आणि उचलला जातच राहतो. नद्या त्याला कापत राहतात.

आणि तुम्ही पुन्हा पात्रात उभे आहात. वारा सुटलाय.

काठावर एक बाई चादर पसरून शाळिग्राम मांडतेय, तिला सगळे दिदी म्हणतात. काही गोटे हातोडीने दुभंगलेले आहेत: एका अर्ध्यात शंख, दुसऱ्यात त्याचा ठसा, डबी उघडावी तसे. सुंदर दिसतात. तुमच्या हातातला न फुटलेला बघून ती मान डोलावते. पूजेला अखंडच चांगला, असं इथेही मानतात. तुमच्या पिशवीतही हातोडी आहे, आणि एक नेमका घाव बसला तर आतलं सगळं चक्र उघडं पडेल, १५ कोटी वर्षांत पहिल्यांदा. शास्त्रज्ञाला तो घाव घालावाच लागतो. थर कुठला, जात कुठली हे त्याशिवाय कळलं नसतं, आणि वर मी सांगितलेलं बरंचसं अशाच घावांतून कळलंय. पण तुम्ही अभ्यासाला आलेला नाहीत. कुतूहल भागवायला फोडणं आणि समजून घ्यायला फोडणं यांत मला फार मोठा फरक वाटतो. फटीतून दिसतंय तेवढं बघा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. हा जीवाश्म आहे म्हटलं की आपल्याकडे काही जण दुखावतात, जणू देव हिरावून घेतला. आणि काही जण जिंकल्यासारखे हसतात. मला दोघांचंही पटत नाही. वृंदेच्या शापाने विष्णू दगड झाला, ही कथा सांगणाऱ्याने या दगडात कोणीतरी जिवंत होतं आणि ते दगड झालं, एवढं ओळखलं होतं. हे नुसतं बघून ओळखणं सोपं नाही.

दगड धारेत ठेवा, होता त्याच धोंड्यांमध्ये. तुमचा घरी आहे.

कार्तिकात अंगणात वृंदावन रंगवलंय. उसाचा मांडव, चिंचा, आवळे, बोरं. आजी आता नाही, संपुष्ट आत्याच्या हातात आहे. ती गोटा ताम्हनात ठेवते, आणि तुम्ही पहिल्यांदाच बघता की शंभरेक वर्षांच्या अभिषेकाने कंगोरे झिजलेत, गंडकीने झिजवले त्याहून मऊ. तुम्ही तो उचलून निरांजनाच्या उजेडात कलता करता. एका कडेला, झिजलेल्या काळ्या अंगात, कोथिंबिरीच्या पानाची ती दातेरी रेघ आहे. इतकी वर्षं होती. धाकट्या भाचीला जवळ बोलावून तुम्ही तिचं बोट त्या रेघेवर ठेवता.

"हे कुणी कोरलं?" ती विचारते.

तुम्ही सांगायला सुरुवात करता तोवर अंतरपाट धरला जातो. इकडे तुळस, तिकडे तो. मंगलाष्टकं सुरू होतात, मुलं अक्षतांच्या मुठी घट्ट धरतात आणि आत्या ओरडते, "अरे, तांदूळ तुळशीवर! शाळिग्रामाला अक्षता चालत नाहीत, त्याला तीळ!" ती चिमूटभर काळे तीळ भाचीच्या हातावर ठेवते. अंतरपाट सुटतो. बरेचसे तीळ ताम्हनात ओघळतात. एक दाणा दोन कंगोऱ्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतो, आणि भाची वाकून तो काढायला जाते, मग हात मागे घेते, राहू दे म्हणते.