चेंडूचा वेग आणि मुलाचे भविष्य

जपानमध्ये ओसाकाजवळ निशिनोमिया नावाचे शहर आहे. तिथल्या कोशिएन मैदानावर दर ऑगस्टमध्ये शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरते. स्पर्धा सुरू झाली १९१५ साली, मैदान बांधले गेले १९२४ साली. देशभरातल्या हजारो शाळा आपापल्या प्रांतात खेळतात आणि शेवटी ४९ संघ इथे पोचतात. स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना हरला की घरी. हरलेल्या संघातली मुले रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून नेतात आणि सारा देश ते दूरदर्शनवर पाहतो.

या गर्दीत काही माणसे मात्र सामना कोण जिंकतो हे बघायला आलेली नसतात. फलंदाजाच्या बरोबर मागच्या बाजूला, हातात पिस्तुलासारखे यंत्र आणि मांडीवर वही घेऊन ती बसलेली असतात. हे व्यावसायिक संघांचे स्काउट, म्हणजे पारखी. सतरा-अठरा वर्षांच्या कोणत्या मुलावर आपल्या संघाने पैसे लावावेत, हे त्यांना सांगायचे असते. आज दिसते त्यावरून पाच-सात वर्षांनी काय होईल ते ओळखायचे. हे काम आपण शिक्षकही रोज करत असतो, म्हणून या पारख्यांचा इतिहास आपल्याही उपयोगाचा आहे.

नजर आणि ऐकीव बातमी

सुरुवातीच्या काळात पारख्याकडे दोनच साधने होती : डोळे आणि लोकांकडून कानावर आलेली बातमी. १९०७ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, वायझर नावाच्या छोट्या गावात वॉल्टर जॉन्सन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा स्थानिक संघातून खेळत होता. त्याच्याविषयी पत्रे आली म्हणून वॉशिंग्टनच्या संघाने माणूस पाठवला आणि मुलाला करारबद्ध केले. पुढे तो त्या काळातला सर्वांत वेगवान पिचर ठरला. (बेसबॉलमधल्या गोलंदाजाला पिचर म्हणतात. चेंडू टप्पा न पडता १८.४४ मीटरवरच्या होमप्लेटपर्यंत पोचतो.) १९३५ साली आयोवा राज्यातल्या बॉब फेलर या सोळा वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाला साय स्लॅपनिका या पारख्याने एक डॉलर आणि सह्या केलेला एक चेंडू एवढ्यावर करारबद्ध केले. पुढच्याच वर्षी, शाळा संपायच्या आत, तो वरिष्ठ संघात खेळत होता.

अशा गोष्टी वाचून पारख्याची नजर म्हणजे काही जादू आहे असे वाटू लागते. पण त्या नजरेने निवडलेली आणि दोन वर्षांत गावी परतलेली शेकडो मुले कुणाच्या लक्षात राहत नाहीत. यश मिळालेली उदाहरणेच मोजायची आणि फसलेली विसरायची, ही आपल्या सर्वांची सवय आहे.

शिवाय नजर जिथे वळलीच नाही तिथले काय? १९४७ पर्यंत अमेरिकेतल्या वरिष्ठ स्पर्धांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. त्यामुळे त्यांचे सामने पाहायला वरिष्ठ संघांचे पारखी जातच नसत. १९४५ मध्ये ब्रँच रिकी या व्यवस्थापकाने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. तोपर्यंत कित्येकांची पारख चुकली नव्हती, ती झालीच नव्हती.

बंदुकीच्या कारखान्यात चेंडू

जॉन्सनचा चेंडू दिसतच नाही, फक्त त्याचा आवाज येतो, असे फलंदाज म्हणत. पण वेग किती? १९१२ मध्ये त्याला ब्रिजपोर्ट इथल्या रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीत नेले गेले. तिथे गोळीचा वेग मोजण्याचे उपकरण होते. दोन ठिकाणांमधले अंतर माहीत असते आणि ते पार करायला लागलेला वेळ उपकरण नोंदवते. अंतर भागिले वेळ बरोबर वेग, हे सातवीतले गणित. उत्तर आले सेकंदाला १२२ फूट, म्हणजे ताशी सुमारे १३४ किलोमीटर.

आजचे चांगले पिचर ताशी १५० किलोमीटरच्या पुढे टाकतात. मग जॉन्सन मंदच म्हणायचा का? इथे एक प्रश्न विचारायला हवा : वेग मोजला कुठे? हवेच्या रोधामुळे चेंडूचा वेग हातातून सुटल्यापासून होमप्लेटपर्यंत जाताना साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो. जॉन्सनचा वेग मोजला गेला चेंडूच्या प्रवासाच्या शेवटी. त्यात तो साध्या कपड्यांत होता आणि त्याला चेंडू उपकरणाच्या चौकटीत नेमका घालावा लागत होता. सुटतानाचा वेग धरला तर तो १५० च्या आसपास जातो. १९४६ साली फेलरचा वेग अमेरिकी सैन्याच्या प्रकाश-विद्युत उपकरणाने मोजला, तो ताशी १५८.७ किलोमीटर भरला. तोही होमप्लेटपाशी. म्हणून ‘कोण जास्त वेगवान’ असे विचारण्याआधी दोघांना एकाच जागी मोजले होते का, हे पाहावे लागते.

पोलिसांचे यंत्र मैदानावर

१९७४ साली मिशिगन स्टेट विद्यापीठाचे बेसबॉल प्रशिक्षक डॅनी लिटविलर यांनी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात एक छायाचित्र पाहिले. विद्यापीठाच्या पोलिसांनी भरधाव गाड्या पकडण्यासाठी रडार-बंदूक आणली होती. गाडीचा वेग कळतो तर चेंडूचा का नाही, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी प्रयोग करून पाहिला आणि मग जग्ज या कंपनीने चेंडूसाठी खास यंत्र बनवले.

या यंत्रामागचे तत्त्व डॉप्लर परिणामाचे. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिटीचा आवाज चढा ऐकू येतो आणि लांब जाताना उतरतो, तसेच रेडिओलहरींचेही होते. यंत्रातून सेकंदाला सुमारे १०५० कोटी कंपनांच्या लहरी निघतात असे समजा. सेकंदाला ४० मीटर वेगाने समोरून येणाऱ्या चेंडूवर आपटून त्या परतल्या की कंपनसंख्येत साधारण २८०० ची भर पडलेली असते. ही भर मोजली की वेग मिळतो.

आता पारखी फलंदाजाच्या बरोबर मागे का बसतात, ते कळेल. यंत्राला फक्त त्याच्या दिशेने येणारा वेग समजतो. तिरप्या बाजूला २० अंशांवर बसलात तर आकडा ६ टक्क्यांनी कमी येतो. कारण २० अंशांची कोज्या ०.९४ आहे. आणखी गंमत म्हणजे पुढे दोन प्रकारची यंत्रे वापरात आली. एक चेंडू सुटतानाचा वेग पकडे, दुसरे होमप्लेटजवळचा. एकाच चेंडूसाठी दोन पारख्यांच्या वह्यांत ताशी सहा-सात किलोमीटरचा फरक पडे. यंत्र खोटे बोलत नव्हते. ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे होती.

आकड्याला जे दिसत नाही

आकडा हाती आला आणि तुलना सोपी झाली. १९६५ पासून अमेरिकेत नव्या खेळाडूंची वार्षिक निवड सुरू झाली होती; संघ आळीपाळीने नावे पुकारत. पारखी प्रत्येक मुलाला फटका मारणे, फटक्यातील ताकद, धावणे, फेक आणि क्षेत्ररक्षण यांसाठी २० ते ८० या पट्टीवर गुण देत. ५० म्हणजे वरिष्ठ संघातला सरासरी खेळाडू.

तरी अंदाज चुकतच राहिले. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने पहिले नाव पुकारले स्टीव्ह चिलकॉट या शाळकरी खेळाडूचे. खांद्याच्या दुखापतीनंतर तो वरिष्ठ संघात एकदाही खेळला नाही. दुसरे नाव होते रेगी जॅक्सन. तो पुढे महान फलंदाज ठरला. १९८८ मध्ये माइक पियाझाच्या आधी तब्बल १३८९ नावे पुकारली गेली. त्याचे नाव आले तेही संघाचे प्रशिक्षक त्याच्या वडिलांचे मित्र होते म्हणून. २०१६ साली तो बेसबॉलच्या मानकऱ्यांत जाऊन बसला.

भारताचाही या गोष्टीशी एक धागा आहे. २००८ साली आपल्याकडे रडार-बंदूक घेऊन एक स्पर्धा घेण्यात आली. हजारो तरुणांतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारबद्ध केले. दोघांच्या हातात वेग होता. पण फलंदाजाला फसवणे, चेंडू वळवणे, सामना वाचणे हे इतर मुले आठव्या वर्षापासून शिकलेली असतात. कनिष्ठ संघांच्या पुढे दोघांपैकी कुणीही जाऊ शकला नाही.

दुसरी अडचण वयाची. जपानमध्ये शाळेच्या इयत्तेची सीमा २ एप्रिल आहे. एप्रिलमध्ये जन्मलेला मुलगा पुढच्या मार्चमध्ये जन्मलेल्या वर्गमित्रापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. आठव्या वर्षी हा फरक मोठा आहे. मोठ्या मुलाला ‘गुणी’ म्हणून संघात घेतात, त्याला जास्त सराव मिळतो आणि मग तो खरोखरच चांगला खेळू लागतो. जपानच्या व्यावसायिक खेळाडूंत एप्रिल ते जून या महिन्यांतले जन्म ठळकपणे जास्त आढळतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांतही असेच चित्र दिसले होते. तिथे सीमा १ जानेवारीची होती.

मोजल्यामुळे बदललेली मुले

सर्वांत मोठी किंमत मात्र हातांनी मोजली. १९९८ मध्ये कोशिएनला दाइसुके मात्सुझाका या मुलाने १७ डाव चाललेल्या एकाच सामन्यात २५० चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशीही तो एक डाव टाकायला आला आणि त्याच्या पुढच्या दिवशी अंतिम सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. देशाने त्याला डोक्यावर घेतले. तो मोठा खेळाडू झालाही, पण २०११ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. २०१३ मध्ये तोमोहिरो अनराकू या सोळा वर्षांच्या मुलाने वसंतातल्या स्पर्धेत पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले, तेव्हा जगभर टीका झाली. शेवटी २०२० साली जपानने एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली.

अमेरिकेत २०११ साली ४८१ बालपिचरांच्या दहा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. वर्षात १०० पेक्षा जास्त डाव टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याचे प्रमाण इतरांच्या साडेतीनपट होते. डिसेंबर २०२४ मध्ये वरिष्ठ बेसबॉल संघटनेने स्वतःच्याच अहवालात मान्य केले की वाढत्या दुखापतींमागे वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू संपूर्ण ताकदीने टाकण्याची पद्धत हीच मुख्य कारणे दिसतात. हा हव्यास शाळकरी मुलांच्या प्रदर्शनी सामन्यांपर्यंत पोचला आहे, हेही त्यात आहे. कारण उघड आहे. पारखी वेग मोजतो, म्हणून मुलगा वेगच वाढवतो. तापमापी पाण्यात बुडवल्याने पाण्याचे तापमान किंचितच बदलते. मुलांना मोजले की मुले फार बदलतात. गुणपत्रिका हाताळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आकडे टाकून द्यावेत असा याचा अर्थ नाही. नुसत्या नजरेने कितीजणांवर अन्याय केला ते आपण पाहिलेच. पण कोणताही आकडा हाती आला की तो कुठे मोजला, कोणत्या वयात मोजला, आणि मोजल्यामुळे मुलाचे काय झाले, हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

दुसरा प्रश्न तुमच्या शाळेत लगेच तपासता येईल. शाळेच्या कबड्डी, खो-खो, क्रिकेट संघांतील आणि वर्गात पहिल्या दहात येणाऱ्या मुलामुलींचे जन्ममहिने हजेरीपटावरून काढा. इयत्तेच्या प्रवेशाची वयोमर्यादा ज्या तारखेला धरतात, तिथून तीन-तीन महिन्यांचे चार गट पाडा आणि फळ्यावर स्तंभालेख काढा. एका शाळेची संख्या लहान असते, म्हणून शेजारच्या दोन-तीन शाळांची माहितीही मिळवा आणि संपूर्ण वर्गाच्या जन्ममहिन्यांशी तुलना करायला विसरू नका. चारही स्तंभ जवळपास सारखे आले तर उत्तम. नाही आले, तर सगळ्यात आखूड स्तंभातल्या मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा एकदा मैदानावर बोलवा.