मधला माणूस

मंडळी, इंटरनेटवरच्या फोनमधलं एक जुनं त्रांगडं आज सांगावंसं वाटतंय. ते आवाजाचं नव्हतं, 'हॅलो'च्या आधीचं होतं.

बोलणं सुरू होण्यापूर्वी दोन यंत्रांना बरंच ठरवावं लागतं. कोण बोलावतंय, आवाज कुठल्या कोडेकमध्ये बांधायचा, कुठल्या पत्त्यावर धाडायचा. ही ठरवाठरवी म्हणजे सिग्नलिंग. तिच्या दोन रीती निघाल्या. १९९६ साली जिनिव्हाच्या आयटीयूने एच.३२३ मंजूर केलं. ही मंडळी टेलिफोन खात्यांच्या परंपरेतली. मार्च १९९९ मध्ये इंटरनेटवाल्यांच्या आयईटीएफने सिप आणलं. कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन हे त्याच्या कर्त्यांपैकी एक.

फरक अगदी लग्नाच्या रीतींसारखा. एच.३२३कडे आधी बोलावणं, होकार आला की वेगळी बैठक, तिथे याद्या, मग आवाजाचा जायचा आणि यायचा मार्ग वेगवेगळा उघडायचा. सिपकडे सगळं एका पत्रिकेत. 'इन्व्हाइट' नावाच्या निरोपातच कोडेकची यादी आणि पत्ता.

आता एच.३२३वाल्याने सिपवाल्याला फोन लावला की मधल्या गेटवेची पंचाईत. 'सेटअप'चा 'इन्व्हाइट' करणं सोपं, पण पत्रिकेत लिहायचा पत्ता अजून आलेलाच नसतो! मग तो कोरी पत्रिका पाठवतो. सिपमध्ये तशी मुभा आहे. पलीकडचा 'ओके'मध्ये आपली यादी देतो. ती घेऊन गेटवे इकडच्या बैठकीत बसतो आणि ठरलेलं 'अ‍ॅक'मधून कळवतो. तोवर पलीकडचा बिचारा 'ओके, ओके' म्हणत राहतो. एच.३२३च्या १९९८च्या आवृत्तीत 'फास्ट कनेक्ट' आलं. ते असेल तर पत्ता पहिल्याच निरोपात येतो आणि हा घोळ टळतो.

शुल्झरिन आणि कुंदन सिंग यांनी २००० साली हे भाषांतर कसं करावं ते मांडलं. २००५च्या आरएफसी ४१२३ने अशा गेटवेकडून काय काय अपेक्षित आहे ते लिहून ठेवलं.

गंमत म्हणजे, एकदा जुळलं की आवाज दोन्हीकडे आरटीपीवरूनच जातो. कोडेक सारखा असेल तर मध्यस्थाने त्यात पडायची गरजच नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा मधला माणूस उभा राहिला कारण दोन्हीकडची व्याकरणं छापील होती. २००३ साली स्काइप आलं, त्याचं व्याकरण कुलपात. परदेशातल्या पोरांशी कितीतरी घरं त्यावरून बोलली. मे २०२५ मध्ये ते बंद झालं आणि सगळ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. सिप मात्र टिकलं. आज आपल्या मोबाइलवरचे व्होल्टे कॉल त्यावरच जुळतात.

युरोपच्या २०२२च्या डिजिटल मार्केट्स कायद्याने व्हॉट्सअ‍ॅपसारख्यांना इतरांसाठी दार उघडायला सांगितलंय. आधी लेखी निरोप, कॉल सर्वांत शेवटी. म्हणजे मधला माणूस पुन्हा लागणारच. या खेपेला व्याकरण कितपत छापतात, ते बघू.

तुम्हाला काय वाटतं?