कोडीन आणि सीवायपी२डी६ जनुक

शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या वेदनाशामक औषधाचा परिणाम सर्व रुग्णांवर सारखा होत नाही. वय, शस्त्रक्रियेचे स्वरूप आणि सोबतची औषधे यांप्रमाणेच रुग्णाची जनुकीय घडणही त्यास कारणीभूत असते. अफूवर्गीय औषधांपैकी कोडीन हे याचे ठळक उदाहरण होय.

कोडीनची स्वतःची वेदनाशामक शक्ती अल्प असते. यकृतातील सीवायपी२डी६ हे विकर त्याच्या साधारणतः ५ ते १० टक्के भागाचे मॉर्फीनमध्ये रूपांतर करते आणि वेदना शमते ती मुख्यत्वे या मॉर्फीनमुळे. या विकराचे जनुक २२व्या गुणसूत्रावर असून त्याची शंभराहून अधिक रूपे ज्ञात आहेत. ज्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निष्क्रिय असतात, त्यांच्या शरीरात मॉर्फीन नगण्य प्रमाणात तयार होते. युरोपीय वंशाच्या लोकांत अशा व्यक्ती ५ ते १० टक्के आढळतात. पूर्व आशियात हे प्रमाण बरेच कमी आहे. अशा रुग्णास पूर्ण मात्रा देऊनही वेदना कायम राहतात. त्याची तक्रार ही मनाची दुर्बलता समजणे अन्यायाचे ठरते. मात्रा वाढवून उपयोग होत नाही, औषधच बदलावे लागते.

याउलट काही व्यक्तींमध्ये सक्रिय जनुकाच्या दोनहून अधिक प्रती असतात. त्यांच्या शरीरात नेहमीच्या मात्रेतूनही मॉर्फीन जलद व अधिक प्रमाणात तयार होते आणि श्वसन मंदावण्याचा धोका संभवतो. इथिओपियात अशा व्यक्तींचे प्रमाण लक्षणीय आहे.

लहान मुलांतील धोका

टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याचा प्रघात होता. झोपेत श्वास अडखळणे हे या शस्त्रक्रियेचे एक प्रमुख कारण असल्याने त्यांतील अनेक मुलांचे श्वसन आधीच नाजूक असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली अशा ३ बालकांच्या मृत्यूंची दखल घेतली. २०१३ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देणे वर्ज्य ठरविले गेले. २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी कोडीन व ट्रामाडॉल ही दोन्ही औषधे निषिद्ध झाली. ट्रामाडॉलही बव्हंशी याच विकरावर अवलंबून असते.

जनुक अनुकूल असूनही पॅरॉक्सेटीनसारखे नैराश्यावरील औषध या विकरास रोखू शकते, हे अनेकदा दुर्लक्षित राहते. मॉर्फीन किंवा फेंटानिल यांना मात्र या रूपांतराची गरज नसते. रक्त अथवा लाळेच्या नमुन्यावरून जनुकाचे रूप ओळखता येते. ते आयुष्यभर बदलत नसल्याने अशी तपासणी सहसा एकदाच करावी लागते. तथापि शस्त्रक्रियेपूर्वी ती सरसकट केली जात नाही.