लाठीमार ‘सौम्य’ कसा झाला

पोलिसांनी जमाव पांगवण्यासाठी ‘सौम्य लाठीमार’ केला, हे वाक्य मराठी वाचकाच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यातला विनोद कुणाच्या ध्यानात येत नाही. मार सौम्य होता की कसा, हे ज्याच्या पाठीवर बसला त्यालाच विचारायला हवं.

संस्कृत ‘यष्टि’, प्राकृत ‘लट्ठि’, तिची झाली लाठी. आपली काठी ‘काष्ठा’च्या कुळातली. पण पोलिसाच्या हातातल्या वस्तूला आपण दंडुका म्हणतो, आणि खरी गोम तिथेच आहे. ‘दंड’ म्हणजे काठीही आणि शिक्षाही. कायदा पोलिसाला फक्त पहिला अर्थ देतो, दुसरा न्यायालयाचा. कमरेखाली मारा, डोकं टाळा, हे पोलिसांना शिकवतात ते त्यामुळेच.

पांगवणं आणि शिक्षा यांतला हा फरक १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरच्या जालियनवाला बागेत पुसला गेला; तिथे इशारा न देताच गोळीबार झाला. गोळी न झाडताही बहुधा गर्दी पांगवता आली असती, पण लोक परत येऊन हसले असते, असं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल डायरने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे सांगितलं. म्हणजे गोळी पांगवण्यासाठी नव्हतीच, धडा शिकवण्यासाठी होती. पुढे ‘कमीत कमी बळ’ हे सूत्र साहेबाच्या पुस्तकांत ठळक झालं. ब्रिटिश सेनाधिकारी चार्ल्स ग्विनच्या १९३४ च्या ‘इम्पीरियल पोलिसिंग’मध्ये ते आहे. बंदुकीशेजारी ठेवली की लाठी सौम्यच दिसते.

ती किती सौम्य, ते २१ मे १९३० ला मुंबई इलाख्यातल्या धारासणा मिठागरावर दिसलं. मिठाच्या कायद्याविरुद्धचे सत्याग्रही रांगेने पुढे येत होते, वार चुकवायला हातही उचलत नव्हते, आणि पोलादी टोकाच्या लाठ्या थेट डोक्यावर बसत होत्या. अमेरिकी पत्रकार वेब मिलरने तात्पुरत्या रुग्णालयात ३२० जखमी मोजले; दोघे मेले होते. इथे दंडुक्यातला दुसरा अर्थच चालला होता.

स्वतंत्र भारताने १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता केली. तिचं कलम १२९ सांगतं की शांतता बिघडवील अशा पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला पांगण्याचा हुकूम दंडाधिकारी (इथेही दंड आलाच!) किंवा ठाण्याचा प्रमुख देऊ शकतो, तो नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. ऐकलं नाही तर बळाचा वापर. किती बळ, याचं माप कलमात नाही. दगड येत असताना, काही क्षणांत, ते त्या अधिकाऱ्यानेच ठरवायचं.

१ जुलै २०२४ पासून हे कलम १२९ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ झालं. लाठीतल्या बांबूच्या जागी अनेक ठिकाणी पॉलिकार्बोनेट आलंय. कलमात मात्र लाठी तेव्हाही नव्हती, आजही नाही. ‘सौम्य’ तर नाहीच.