कार्बनी भूरसायनशास्त्र विभाग, जिओकेमिकल सोसायटी

खडक, गाळ, कोळसा व खनिज तेल यांतील कार्बनी संयुगांचा अभ्यास करणाऱ्या भूरसायनज्ञांचा, जिओकेमिकल सोसायटी या संस्थेतील विभाग.

उगम : मातृसंस्था अमेरिकेत 1955 मध्ये स्थापन झाली; अर्ल इंगरसन तिचे पहिले अध्यक्ष. विषयाची मुळे मात्र त्याआधीची. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांना 1934 मध्ये खनिज तेलात पॉर्फिरिने आढळली. त्यांची रचना हरितद्रव्याशी जुळणारी निघाली आणि तेल सजीवांपासून बनते या मताला रासायनिक पुरावा मिळाला.

वैशिष्ट्ये : विभागाचा सर्वोच्च सन्मान ट्राइब्स यांच्याच नावाचा असून तो 1979 पासून दिला जातो. याच विषयावरील युरोपातील परिषद 1962 मध्ये मिलान येथे सुरू झाली. अभ्यासाचा गाभा म्हणजे जैवखुणा, म्हणजेच सजीवांतील रेणूंपासून बनून खडकात टिकून राहिलेली संयुगे. उदा., जीवाणूंच्या पटलांतील रेणूंपासून बनणारी होपेन संयुगे कोट्यवधी वर्षे टिकतात व वायुवर्णलेखनाने वेगळी करून ओळखता येतात (पहा : वर्णलेखन).

महत्त्व : तेलसाठ्याचा उगमखडक (तेल ज्यात तयार झाले तो खडक) ठरविण्यास जैवखुणा ओळखण्याची ही पद्धत उपयोगी पडते (पहा : मुंबई हाय). मात्र प्रत्येक खडकात तिचा उपयोग होत नाही. उदा., वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा परिसर बेसाल्टचा. लाव्हापासून बनलेल्या त्या कातळात अशा खुणा शोधून फारसे हाती लागणार नाही (पहा : दक्षिण ट्रॅप). वर्धा नदीच्या खालच्या अंगाला, चंद्रपूर-यवतमाळकडील गोंडवनी कोळशात मात्र पर्मियन काळातील वनस्पतींचे अवशेष आहेत आणि तेथे या शास्त्राला भरपूर वाव आहे (पहा : दगडी कोळसा).