वाळूतलं गोल्फ आणि पाण्याचा हिशेब

शारजा म्हटलं की आपल्या लोकांना फक्त क्रिकेट आठवतं. १९८६ साली मियाँदादने शेवटच्या चेंडूवर चेतन शर्माला मारलेला तो षटकार, आणि त्यावर उतारा म्हणून १९९८ च्या एप्रिलमध्ये सचिनने दोन दिवसांच्या अंतराने ठोकलेली दोन शतकं. मी नोकरीला इथे आलो तेव्हा पहिल्याच सुट्टीच्या दिवशी ते स्टेडियम बाहेरून का होईना, पण बघून आलो होतो. त्याच शारजात मी एकदा गोल्फ खेळलो असं सांगितलं तर आमच्या लातूरकडची मंडळी हसतील. हसू देत. खेळलो खरा!

झालं असं, की २००९ साली आमच्या कंपनीतले एक स्कॉटिश साहेब निवृत्त होऊन मायदेशी परत निघाले होते. तीस वर्षं आखातात काढलेला माणूस. हापिसात आम्हा पंपवाल्यांचं आणि त्यांचं बरं जमायचं. जाण्याआधी एकदा माझ्याबरोबर गोल्फला चल, असा त्यांनी आग्रह धरला. मी म्हटलं, साहेब, मला विटीदांडू येतो. ते म्हणाले, मग अर्धं गोल्फ आलंच की!

शारजाचा गोल्फ कोर्स धैदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, शूटिंग क्लबला लागून. आराखडा पीटर हॅराडाइन या स्वित्झर्लंडमधल्या वास्तुविशारदाचा. दोह्याचा आणि अबू धाबीचा प्रसिद्ध कोर्सही याच गृहस्थाने आखलेला. शारजात होल्स मात्र नऊच. अठरा खेळायचे असतील तर तेच नऊ दोनदा खेळायचे. संध्याकाळी मोठमोठे दिवे लागतात, कारण उन्हाळ्यात दिवसा खेळणं म्हणजे आत्महत्याच. आणि हो, १९८५ पासून शारजात दारूबंदी आहे. खेळ संपल्यावर बसून गप्पा मारायच्या त्या लिंबाच्या सरबतावर. साहेबांना तेवढं एकच दुःख होतं.

माझ्या खेळाबद्दल फार न सांगितलेलंच बरं. पहिल्या फटक्याला चेंडू जागेवरच राहिला आणि गवताचा एक चांगला तळहाताएवढा तुकडा उडाला. दुसऱ्याला चेंडू उडाला, पण कुंपणाकडच्या वाळूत. प्रत्येक होलसाठी किती फटके पुरावेत ते ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. चारचा पार असलेल्या पहिल्या होलला मला अकरा लागले. साहेबांनी मोजायचं सोडून दिलं.

माझा चेंडू वाळूत गेला तेव्हा साहेबांनी आपल्या बॅगेतून एक जुनाट हिरवी चटई काढली. पायपुसण्यापेक्षाही लहान, प्लॅस्टिकच्या गवताची, कडा झिजलेल्या. म्हणाले, "हे घे, आमच्या काळचं गवत."

आणि मग पुढचे आठ होल्स मी गोल्फ कमी खेळलो आणि इतिहास जास्त ऐकला.

मंडळी, हा खेळ स्कॉटलंडचा. समुद्रकाठची हिरवळ, वरून सतत भुरभुरणारा पाऊस. गवताला पाणी कोण घालतंय हा प्रश्नच तिथे कधी आला नसेल. साहेब लोक जिथे जिथे गेले तिथे हा खेळ घेऊन गेले. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. आपल्या मुंबईतही १८४२ साली गोल्फ क्लब निघाला होता. बहुतेक क्लबांत नेटिवांना प्रवेश नसायचा. १९१८ साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईत हिंदी आणि युरोपियन दोघांनाही चालेल असा विलिंग्डन क्लब काढला, ती त्या काळात मोठीच गोष्ट होती. पण मुंबई काय, कलकत्ता काय, चार महिने पाऊस तरी पडतो. आखातात काय करायचं?

आखातात साहेब दोन वाटांनी आले. एक वाट तेलाची. १९३२ साली बहरीनमध्ये तेल लागलं आणि पाठोपाठ कंपन्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. दुसरी वाट विमानांची, आणि ती थेट शारजातून जाते. त्याच १९३२ साली इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने शारजाच्या शेखांशी करार केला. लंडनहून हिंदुस्थानकडे जाणारी विमानं इथे वाळूत उतरायची. उतारूंना रात्री मुक्कामाला एक छोटी गढी बांधून दिली होती. ती गढी आजही आहे, तिचं म्युझियम झालंय. जुन्या धावपट्टीवर आता शहरातला हमरस्ता आहे. पुढे तिथेच ब्रिटिश हवाई दलाचा तळ झाला, तो १९७१ मध्ये अमिरातींचं स्वतंत्र राष्ट्र होईपर्यंत राहिला.

तर या लोकांनी वाळूवरच गोल्फ मांडलं. खांब रोवून हद्द आखायची. त्या हद्दीत चेंडू पडला तर तो उचलून बरोबरच्या चटईवर ठेवायचा आणि मारायचा. हद्दीबाहेर गेला तर जिथे आहे तिथून, वाळूतून, दगडातून. जिथे भोक असतं तिथे हिरवळ कुठली? वाळूत तेल मिसळून, रोलर फिरवून ती जागा घट्ट करायची. तिला ग्रीन न म्हणता ब्राउन म्हणायचे. खेळून झालं की आपल्या पावलांचे ठसे झाडूने पुसून पुढे जायचं. तेलाच्या देशात पाणी नव्हतं, म्हणून तेलच शिंपडलं!

दुबईचा कंट्री क्लब १९७१ पासून असाच वाळूचा होता. शारजात वाँडरर्स क्लबची मंडळी असंच खेळायची. आमच्या साहेबांनी दोन्हीकडे वर्षानुवर्षं चटई वाहिली होती.

मग १९८८ उजाडलं. दुबईच्या शेख मोहम्मद यांनी दिलेल्या जागेवर कार्ल लिटन नावाच्या अमेरिकन माणसाने एमिरेट्स गोल्फ क्लब उभा केला. अठरा होल्स, नावाजलेल्या स्पर्धा भरवता येतील असा कोर्स, आणि सगळा गवताचा. मध्यपूर्वेतला गवताचा पहिला कोर्स असा त्याचा लौकिक. क्लबची इमारत बदाऊनी तंबूंच्या आकाराची. आज त्याच्या भोवती काचेचे टॉवर आहेत, तेव्हा चहूकडे नुसती वाळू होती. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये तिथे युरोपियन टूरची स्पर्धा झाली आणि इंग्लंडचा मार्क जेम्स जिंकला. नंतर तिथे टायगर वुड्स दोनदा जिंकला, २००६ आणि २००८ मध्ये. साहेब म्हणाले, "ते हिरवं मैदान पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी बूट काढून अनवाणी चाललो होतो."

मी पंपवाला माणूस. मला वेगळाच प्रश्न पडला, आणि तो मी तिथे काम करणाऱ्या माळ्याला विचारला. राजस्थानातला होता, सीकरकडचा. रात्रभर कुठल्या तुकड्याला किती वेळ पाणी सोडायचं ते त्याला तोंडपाठ होतं. मी विचारलं, गावाला पाण्याचं काय? तो म्हणाला, "टँकर आता है साब." आणि झाकण उघडून पुढचा व्हॉल्व बघायला लागला.

मी त्या रात्री त्यावर फारसा विचार केला नाही. खरंच केला नाही. अकरा फटक्यांचीच लाज जास्त वाटत होती.

विचार केला तो सात वर्षांनी. २०१६ चा एप्रिल. लातूरला नळ बंद. आई फोनवर सांगायची, घागरी रांगेला लावून ठेवल्यात, टँकरचा पत्ता नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. इकडच्या कडक उन्हाळ्यात गवताला दिवसाला साधारण १० मिलीमीटर पाणी धरा. म्हणजे हेक्टरी १ लाख लिटर. रेल्वेने आलेलं ५ लाख लिटर म्हणजे ५ हेक्टर गवताची एका दिवसाची तहान. अठरा होल्सच्या कोर्सवर ४० हेक्टर हिरवळ धरली तर रोज अशा आठ गाड्या! हिशेब पुन्हा तपासला. बरोबर होता. चटईवर खेळणाऱ्या त्या जुन्या लोकांना उगाच हसलो असं वाटलं.

पण इंजिनियरने हिशेब अर्धवट सोडू नये. हे पाणी येतं कुठून? समुद्राचं खारं पाणी गोडं करायला, आजच्या चांगल्या यंत्रणेतही, हजार लिटरला ३ ते ४ युनिट वीज जाते. सुरुवातीला गवत असल्याच महागड्या पाण्यावर वाढलं. नंतर मात्र इकडे शहाणपण आलं. शहरभरच्या न्हाणीघरांतलं, मोऱ्यांतलं पाणी गोळा करून, शुद्ध करून रस्त्याकडेची झाडं, बागा आणि बरेचसे गोल्फ कोर्स त्यावर जगवतात. बऱ्याच ठिकाणी पास्पालम जातीचं गवत लावतात, त्याला खारटपणा बराच सोसतो. म्हणजे माणूस आधी पितो, आंघोळ करतो, आणि उरलेलं गवताला.

आणि हे आपल्याला माहीत नव्हतं असंही नाही. त्याच २०१६ च्या खटल्यात क्रिकेट मंडळाने कोर्टाला सांगितलं होतं, की मुंबई-पुण्याच्या मैदानांना रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू. म्हणजे घोड्यांच्या मैदानासाठी ती सोय आपल्याकडे होतीच. आमच्या गावात मात्र अजूनही मोरीचं पाणी नाल्यात, नाल्याचं नदीत, आणि मार्चपासून टँकरची वाट. शेखांकडे पैसा आहे हे खरंय. पण पाणी वापरून झालं की ते संपलं असं ते मानत नाहीत, ही सवय पैशाने येत नाही.

हे मी आईला फोनवर समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "अरे, आम्ही भांड्यांचं पाणी आळूला घालतच होतो की. तुमची इंजिनियर लोकांची गटारं आली आणि ते बंद झालं." यावर मी काय बोलणार?

मार्च २०१७ मध्ये शारजाच्या त्याच नऊ होल्सवर युरोपियन सीनियर टूरची स्पर्धा झाली. दक्षिण आफ्रिकेचा ख्रिस विल्यम्स जिंकला. मी बातमी कापून साहेबांना पाठवली. उत्तरात त्यांनी विचारलं, चटई आहे का अजून?

आहे. जाताना ती ते मला देऊन गेले होते. गोल्फ मी पुन्हा खेळलो नाही. चटई बाल्कनीत आहे, तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. तिला भाज्या धुतलेलं पाणी घालतो.