काम मालकाचे, कर्तृत्व कलावंताचे

पुण्यात पेशव्यांचा शिकारखाना होता. नोव्हेंबर १७९० मध्ये तिथला गेंडा गंगाराम चिंतामण तांबट यांनी कागदावर उतरवला. वेरूळची लेणीही त्यांनी रेखाटली. हे काम इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पदरी राहून केलेले, त्यामुळे चित्रांवर हक्क मॅलेट यांचा. आज त्यांतली बरीच चित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. चित्रे पुण्यातून गेली तरी ती गंगारामांची म्हणून ओळखली जातात, कारण चित्रासोबत त्यांचे नाव टिकले. त्या काळातल्या अनेक चितारी, पाथरवट आणि कारागिरांच्या वाट्याला एवढेही आले नाही. वस्तूची मालकी आणि तिचे कर्तृत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी पगाराच्या बदल्यात देता येते, कर्तृत्व देता येत नाही. म्हणूनच नोकरीत केलेले काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवणे हा चित्रकाराचा आगाऊपणा मानू नये.

यावर पहिला आक्षेप असा, की नोकरीतले काम एकट्याचे नसते. ते खरे आहे. पण त्यावरचा उपाय नाव लपवणे नसून वाटा नेमका सांगणे हा आहे. एअर इंडियाचा महाराजा १९४६ मध्ये जन्मला. त्याची कल्पना कंपनीच्या बॉबी कूका यांची, तर चित्र जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेतले चित्रकार उमेश राव यांचे. पागोटे घालून, झुकून स्वागत करणारा तो मिशाळ महाराजा विमान कंपनीचाच राहिला, आणि दोन्ही नावे सांगितल्याने कोणाचेच काही कमी झाले नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. पण त्याच कायद्याचे कलम ५७ सांगते, की हक्क दुसऱ्याकडे गेले तरी कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. या कलमाने प्रती काढण्याची मुभा मिळत नाही, हे मान्य करायला हवे. शिवाय बाजारात न आलेले उत्पादन किंवा ग्राहकाची गुप्त माहिती दाखवणे हा विश्वासघातच ठरेल. मात्र जे पोस्टर चौकात लागले, जे वेष्टन वाण्याच्या फळीवर आले, त्यात गुपित काय उरते? तरीही अनेक करारपत्रांत याविषयी एक ओळही नसते, आणि मग सगळे साहेबाच्या मर्जीवर चालते. ती मर्जी संपवायची असेल तर नेमणुकीच्या पत्रातच लिहावे: प्रसिद्ध झालेले काम, आपला वाटा स्पष्ट नमूद करून, कलावंताला दाखवता येईल. कंपन्यांनी ही ओळ आपणहून घालावी, आणि तरुण चित्रकारांनी सही करण्यापूर्वी ती मागून घ्यावी.